मामांच्या खिशाचं माप

तीर्थस्वरूप पद्माकरमामांना पासिर रिसहून प्रबोधचा साष्टांग नमस्कार. खोकला कसा आहे? (मामींना सांगता तसा नको, खरा सांगा.) तुमची भाचेसून गार्गी आणि मी इकडे परदेशात मजेत. तुमच्या घरचा फोन मामीच उचलतात, म्हणून हे पत्र पेन्शनर कट्ट्याच्या पत्त्यावर धाडतोय.

तर तुमची इलेक्ट्रॉनिक सिगारेट. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा ती इथे तयार असावी, शर्टाच्या खिशात मावावी, आणि पस्तीस वर्षं मामींपासून लपवलेलं पुढेही लपून राहावं, असा तुमचा हुकूम. मी लगेच अभ्यासाला लागलो. इंटरनेटवर मापं सापडली तीन: साध्या सिगारेटएवढी, पेनाएवढी आणि एक चक्क टॉर्चएवढी. तांजोंग पगारच्या ऑफिसात रत्नदीप नावाचा आपला नागपूरकर आहे, त्याला यातलं कळतं. मीटिंग चालू होती, म्हणून काचेपलीकडून मी त्याला करंगळी दाखवून 'एवढी पुरेल का?' असं खुणेनं विचारलं. त्या सज्जनाने मान डोलावून टॉयलेटकडे बोट दाखवलं.

शेवटी म्हटलं, खिशाचंच माप घ्यावं. आणि इथे माती खाल्ली. तुमचे शर्ट मामीच शिवतात, तेव्हा त्यांनाच फोन केला (हो, मीच, आता काय करता!). खिशात काय ठेवायचंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पेन. बँक सोडल्यापासून ह्यांनी पेन हातात धरलेलं नाही, असं म्हणत त्या खुंटीवरचा तुमचा शर्ट घेऊन मोजायला बसल्या. साडेचार बाय पाच इंच. आत अर्धी सिगारेट आणि चार लवंगा.

मी फोन ठेवायच्याच बेतात होतो. पण मामा, मामी हसायला लागल्या हो! म्हणाल्या, "पस्तीस वर्षं ह्यांच्या खिशात लवंगा मीच भरतेय रे. वासाचं ह्यांना कधी सुचलं असतं?" तुम्हाला काय वाटलं होतं, लवंगा खिशातच उगवतात? तर आता लवंगा बंद, म्हणजे सिगारेटही बंद, असा निरोप आहे.

नंतर मरीन परेडच्या दुकानात चौकशी केली, तर तिथला म्हातारा अंकल म्हणाला, कॅनॉट ला, म्हणजे जमायचं नाही बाबा, ही वस्तू विकायला इथे बंदीच आहे. म्हणजे एवढं रामायण फुकटच झालं. रागावू नका. मामींना नमस्कार, त्या माउलीला दोन जास्त.

तुमचा भाचा,
प्रबोध

ता. क. काल गार्गीला माझ्या बॅगेत सिगारेटचं पाकीट सापडलं. मामांसाठी घेऊन ठेवलंय, असं मी सांगितलं. तुम्ही आल्यावर ती ते मामींसमोरच तुमच्या हातात देणार आहे. तेव्हा 'आणलंस का रे माझं?' एवढं नक्की म्हणा. तुमची चोरी उघडी पडलीच आहे, एका पाकिटाने काय बिघडतंय?

ता. क. दुसरा. पाकिटात सात कमी आहेत. तिच्यासमोर उघडू नका.