पपयांचं फडकं

अहो,

चर्चच्या मंडळीबरोबर नाताळची गाणी म्हणायला दोंडाईच्याला चालले आहे, उद्या येईन. भरीत झाकून ठेवलंय, कळण्याची भाकरी दुरडीत आहे.

एक विचारायचं होतं. आज चर्चमध्ये उपकारस्तुतीची दानं ठेवतात त्या टेबलावर आपल्या परसातल्या पपया कशा आल्या? पाळक म्हणाले, देणाऱ्याला नाव सांगायचं नाही. पण फडकं माझ्याच जुन्या लुगड्याचं होतं, आणि असली घट्ट गाठ तुम्हीच मारता. आपला लेक शलमोन देवाघरी गेला तेव्हापासून तुम्ही चर्चच्या दारात पाऊल टाकलं नाही. मग हे आभार कशाचे? माझं ऑपरेशन नीट झालं त्याचे?

मी कुणाजवळ बोलले नाही. फडकं मात्र मुद्दाम तिथंच ठेवून आले. नाताळला या आणि स्वतः घेऊन जा.

एस्तेर