दर चौदा मिनिटांनी

४ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कंपनीने आमच्या इमारतीत बसवलेल्या वीज वाचवणाऱ्या सेवेविषयी मी हे पहिले आणि शेवटचे लिहीत आहे. छतावरच्या त्या डोळ्याला खोलीत हालचाल दिसली नाही, की पंधरा मिनिटांत दिवा आणि हीटर बंद. सेवा सुरू झाली त्याच दिवशी मी खुर्चीत स्वस्थ वाचत बसलो असता मला जिवंतपणी मृतांत जमा करून अंधार करण्यात आला. व्यवस्थापकाकडे तीनदा गेलो. ॲपवर तक्रार टाका, हे त्याचे एकच पालुपद. समोर धडधाकट माणूस बसलेला असताना मी गाऱ्हाणे फोनच्या काचेला का सांगावे? तुझ्या आईच्या खोलीतली सेवा तेवढी काढून टाक. कारण विचारू नकोस.

कळावे. आशीर्वाद आहेतच, ते हालचालीवर अवलंबून नाहीत.

बाबा

११ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्रातली शाईसुद्धा रागावलेली दिसली. पण बाबा, ही सेवा नसती तर तुमची लबाडी मला कळलीच नसती. माझ्या पडद्यावर तुमच्या इमारतीतल्या प्रत्येक खोलीची नोंद येते. आईच्या खोलीत महिनाभर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दर चौदा मिनिटांनी हालचाल आहे! आई चालू लागली आणि मला पत्ता नाही? पक्षाघातातून इतक्या लवकर कुणी उठत नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांना तिने खोटे पाडले. जिवाचा घोर गेला, म्हणून या महिन्यातली रजा पुढे ढकलली आहे. सेवा मात्र काढत नाही. तिच्यामुळेच तर आईची खुशाली कळते.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

तुमची धाकटी

१७ जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

तुझी आई चालत नाही. तिला कूसही बदलता येत नाही. चालतो तो मी.

ती निश्चल पडून असते, म्हणून तुझे यंत्र खोली रिकामी समजते. पहिल्या दिवशी मी औषधे घेऊन परतलो, तेव्हा हीटर बंद होता आणि थंडीने तिचे ओठ निळे पडले होते; हाक मारण्याइतका आवाज तिच्यात उरलेला नाही. तेव्हापासून घड्याळ लावून चौदाव्या मिनिटाला मी आत जातो आणि छताकडे पाहून दोन्ही हात हलवतो. रात्री शेजारीच झोपतो. माझी तळमळ त्या डोळ्याला पुरते. तुला काळजी नको म्हणून तिची प्रकृती लपवली, हा माझा अपराध. परंतु यंत्राला तुझी आई दिसली नाही, हे क्षम्य आहे. त्याची ती कोणी नव्हे. तू मात्र पडद्यावर आकडे पाहिलेस आणि रजा पुढे ढकललीस.

तुझे पत्र तिला वाचून दाखवले. ती चालू लागल्याचे वाक्य गाळले.

कळावे.

बाबा

२० जानेवारी

ती. बाबांस,

आईच्या खोलीतली सेवा मी आज सकाळी बंद केली. हीटर आता अखंड चालेल. इमारतीचे आकडे बिघडतील, असे साहेब म्हणाले. आमच्या यादीत रिकाम्या म्हणून नोंदलेल्या एकशे बारा खोल्या आहेत. प्रत्येक दार वाजवून पाहिल्याशिवाय त्यांतला एकही हीटर बंद राहता कामा नये, असे त्यांना लेखी देऊन रजेवर निघाले आहे. साहेब रागावलेत. रागावू देत.

पत्राआधी बहुधा मीच पोहोचेन. आता आत जाऊन हात हलवू नका. तिच्याजवळ नुसते बसा. नमस्कार लिहीत नाही, येऊन करते.

धाकटी