शेफालीसाठी मोकळा रस्ता

५ जानेवारी
संकल्प: नोकरी सोडल्याची हळहळ करायची नाही. अपघातानंतर माझी बायको शेफाली व्हीलचेअरवर आहे आणि पुण्यात व्हीलचेअरला रस्ता नाही. तो मी शोधणार. ॲपचं नाव 'मोकळीक'. कुठे रॅम्प, कुठे पायरी, कुठला फुटपाथ मध्येच संपतो, सगळं फोन बोलून सांगेल. पाडव्याला लाँच. शेफालीला म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठी. म्हणाली, "आधी मला खाली उतरव." आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हा मुद्दा फेज टूमध्ये.

१९ जानेवारी
पेठेचा सर्व्हे. सकाळी नोंदवलेला रॅम्प दुपारी खणलेला. नोंद बदलली. संध्याकाळी खड्डा बुजवलेला, वर शहाळेवाला. नोंद बदलली. पाठ धरली आहे.

२ फेब्रुवारी
शेफालीच्या कॉलेजातून फोन. पुन्हा शिकवायला येणार का? मी सांगितलं, रूट टेस्ट होईपर्यंत नाही. शेफाली म्हणाली, "फोन माझा होता, सलिल." चिडचिडी झाली आहे. बाहेर पडत नाही ना.

२१ फेब्रुवारी
पहिली टेस्ट! शेजारचे श्रीनिवासकाका आणि मी, दोघांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं. गेटपाशी ॲप म्हणालं, "पुढे पायरी आहे. मार्ग उपलब्ध नाही." शेफाली म्हणाली, "हे मी वरूनच सांगितलं असतं." पुन्हा वर नेलं. काका तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या टेस्ट यशस्वी. पायरी खरोखरच होती.

११ मार्च
ती म्हणते, तळमजल्यावर घर बघू. समजावलं, हे प्रॉब्लेमपासून पळणं झालं. म्हणाली, "पळता येत असतं तर तुला विचारलं असतं का?"
बोलण्यात ती आधीपासूनच पटाईत आहे.

२९ मार्च
पाडवा झाला. लाँच अक्षय्य तृतीयेला. घाईत क्वालिटी जाते. शेफाली दिवसभर फोनवर असते. कुणाशी, ते विचारलं नाही. मोकळीक हवी माणसाला.

१२ एप्रिल
सर्व्हेहून आलो तर घरात खोकी. तिची मैत्रीण तनुजा पुस्तकं भरत होती. शेफालीने वारज्यात तळमजल्यावर फ्लॅट घेतलाय, भाड्याने. सोमवारपासून कॉलेज. म्हटलं, मला सांगायचं तरी! सांगितलं होतं म्हणे. माझ्या कानात हेडफोन होते.
विचारलं, माझं सामान? "तुझं तू ठरव. दार रुंद आहे."
टेम्पोवाल्यांनी तिला अलगद खाली नेलं. मी मागून उशी घेऊन गेलो.
संध्याकाळी ॲपवर तिचा पत्ता टाकला. 'या भागाची माहिती उपलब्ध नाही.' शेवटी फोन केला, येऊ कसा? म्हणाली, "बसने ये. तुला काय, कुठूनही चढता येतं."
आज दमलोय. उद्या नक्की जाईन. वाटेत सर्व्हेही होईल.