सोडा म्हणणारा

सोमवार, ३ जून
नवी नोकरी, नवं गाव आणि बसायला चक्क फिरती खुर्ची. तपासणी केंद्राचा व्यवस्थापक झालो एकदाचा. केंद्र लहानसंच, पण लख्ख. छातीचे एक्स-रे काढणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे फोटोमामा म्हणतात. काचेआडून माइकवर लाडानं सांगतो, श्वास घ्या, धरा… हां, सोडा आता. रडकी पोरंसुद्धा त्याचं ऐकतात.

बुधवार, ५ जून
घ्या, मामाकडे परवानाच नाही. कायद्यानं यंत्राला हात लावायची मुभा नाही आणि हे महाशय जन्मभर बटणं दाबतायत. तडक आत गेलो. त्यानं एका बाईंना नुकतंच धरा म्हटलं होतं. मी माइक बंद केला. बाई तशाच फुगून उभ्या, मला हसूच आवरेना. मामा म्हणाला, एवढं सोडा म्हणू द्या, मग जातो. मी ठणकावलं, परवान्याशिवाय एक शब्दही नको, नियम म्हणजे नियम. रांगेतल्या सगळ्यांदेखत बाहेर काढला. बाकीच्यांना वचक बसला, झकास.

सोमवार, १० जून
मामा वारला. बुधवारी घरी गेल्यापासून तोंडच उघडलं नाही म्हणे, छाती फुगवून बसून होता. वाईट वाटलं. पण त्याचं खापर माझ्या माथी कशाला? परवानाधारक मुलगी रुजू झालीय. सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी लावलीय, उद्या माझी.

मंगळवार, ११ जून
एक्स-रेच्या पाटीला छाती टेकवली. माइकवर मामाचा आवाज. श्वास घ्या, धरा. पुढे काहीच नाही. मुलगी शपथेवर सांगते की तीच बोलली, सोडासुद्धा म्हणाली. मला ऐकू आलं नाही आणि श्वास सुटेना. कोसळलो तेव्हा कुठे सुटला.

गुरुवार
जेवताना, दाढी करताना, कुठेही — धरा. दर वेळी श्वास आधीपेक्षा जास्त वेळ अडतो. बायकोनं पाठीत बुक्क्या घातल्या म्हणून वाचलो. भीती वाटते. खूप वाटते.

शुक्रवार
मामीचे पाय धरले. म्हटलं, त्यांना एकदा सोडा म्हणायला सांगा. ती भांडी पुसत राहिली. म्हणाली, तोच शब्द तर तुम्ही बंद केलात. परवाना नाही ना त्यांच्याकडे. घशात तोच घेऊन गेले ते.

शनिवार
केंद्रात आलोय. माइकसमोर हात जोडले, सगळ्यांदेखत. मामा, चुकलो, म्हणा — माझी परवानगी —
आवाज आला. नियम म्हणजे नियम, साहेब. श्वास घ्या. धरा.
धरलाय — कुणीतरी म्हणा — मामा, सो