कडव्याशेवटी थांबणारा शिपाई

बुधवार, दि. ११
सकाळचे दहा

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझी आई बरी आहे, माझे गुडघे त्यांच्या मर्जीप्रमाणे आहेत, आणि खाली दुकानात तुझ्या बाबांकडे दुरुस्तीला आलेली घड्याळं नेहमीसारखी आपापली वेगळी वेळ सांगत आहेत.

तुझं पत्र उघडलं आणि वाचण्याआधीच मला आमच्या छावणीतला रूळ ऐकू आला. रेल्वेचा हातभर तुकडा, झाडाला टांगलेला. सकाळी पाचच्या ठोक्याला पहारेकरी त्यावर लोखंडी कांब हाणायचा, आणि त्या 'ठण्ण'ने माणूस आधी उभा राहायचा, मग जागा व्हायचा. पंचावन्न वर्षं झाली, पण अजून स्वयंपाकघरात ताट पडलं की माझे पाय खाटेखाली बूट चाचपतात. तुमच्या छावणीत म्हणे आता कर्ण्यातून एक बाई 'उठा' म्हणते. म्हणू दे बापडी. रुळाची सर तिला नाही.

पत्र तीनदा वाचलं. चाळीस जणींत एक आरसा, तोही तडकलेला, म्हणून तुम्ही एकमेकींना विचारून भांग पाडता हे वाचून खूप हसलो. बूट एक नंबर मोठे मिळाले तर पुढे चिंध्या कोंब, लाजू नकोस. चादरीला एक सुरकुती दिसली म्हणून तुमच्या कवायतीच्या बाईंनी, त्या भोंगाबाईंनी, तुझा अख्खा बिछाना मैदानात फेकला, हेही उत्तम झालं. घरी तुझ्या आईला ते कधी जमलं नाही. आणि तू सोललेला बटाटा लिंबाएवढा उरतो म्हणून स्वयंपाकीकाकांनी तुला हाकलून दिलं, यात मला तरी शिक्षा कुठे दिसत नाही.

कवायतीत पाय चुकतो म्हणतेस. अगं, तो तर आपल्या घराण्याचा वारसा!

मला डावा-उजवा कधीच साधला नाही. मग मी युक्ती केली. शाळेत आम्हाला ओढ्याची एक कविता होती. गुरुजी टेबलावर छडीने ताल धरायचे आणि आम्ही म्हणायचो:

ऊठ रे ओढ्या, डोंगर सोड,
शेतांना लागली पाण्याची ओढ.

ती मनात म्हणू लागलो आणि पाय कसे आपोआप पडू लागले! पण गुरुजींची सवय अशी की कडवं संपलं की श्वास घ्यायला थांबवायचे. त्यामुळे दर कडव्याशेवटी मी मैदानाच्या मधोमध थांबायचो, आणि मागचा सुतार माझ्या पाठीवर येऊन आदळायचा. तो खरोखरच सुतार होता, दारं-खिडक्या टाकून भरती झालेला.

"लेका, ब्रेक मारायच्या आधी सांगत जा की," तो कण्हायचा.

"काय चाललंय तिकडे?" कवायत घेणारे उस्ताद ओरडायचे.

"उस्ताद, ह्याचं कडवं संपलं!"

शिक्षा म्हणून दोघांना मैदानाला दहा फेऱ्या. त्या फेऱ्यांत सुताराने सगळी कविता पाठ केली, आठवड्याभरात आमच्या रांगेने केली. मग सगळेच एकदम थांबू लागलो. उस्तादांनी डोक्याला हात लावला.

ही गोष्ट तू लहानपणी शंभरदा ऐकली आहेस. 'आजोबा, कडवं संपलं!' म्हणून जिन्यात थांबायचीस. त्यापुढचं मात्र तुला कधी सांगितलं नाही. आज सांगणं भाग आहे, कारण पत्राच्या शेवटी, बटाट्यांच्या आणि मोज्यांच्या खाली, तू हळूच विचारलं आहेस: कॅप्टनबाईंनी अक्षर पाहून छावणीच्या कचेरीत राहतेस का म्हणून विचारलंय, नाहीतर बाकीच्यांबरोबर रुग्णवाहिकेच्या तुकडीत पुढे आघाडीवर जायचं. शनिवारी उत्तर द्यायचं आहे. 'आजोबा, तुम्ही काय केलं असतंत?'

केलं असतं नव्हे गं. केलं.

मलाही विचारलं होतं. कविता वहीत उतरवून उतरवून माझं अक्षर मोत्यासारखं झालेलं. मेजरसाहेबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "कचेरीत माणूस हवाय. राहतो—" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी "हो साहेब" म्हणालो. कर्तव्य वगैरे काही नाही. पुढे जायची भीती वाटली, एवढंच.

पहिलंच काम आमच्या तुकडीतल्या पुढे जाणाऱ्यांची यादी. बावीस नावं. सुतार खिडकीतून डोकावला. "माझं नाव जरा झोकदार काढ," म्हणाला, "शाळेत कुणी धड लिहिलं नाही." मी काढलं. तीन ट्रक भरून गेले. मी फाटकाशी उभा होतो, हातात दौत तशीच.

चौदा परत आले. सुतार आला, एका पायाने अधू होऊन. मला मिठी मारून म्हणाला, "आता बघ, दर ओळीला मीच थांबतो!" आणि खदखदून हसला. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तर माझं युद्ध एवढंच. रूळ, बूट, बटाटे आणि कचेरीतलं टेबल. माझ्या गोष्टी इतक्या हसऱ्या का, ते आता तुला कळलं असेल. त्या फाटकाच्या आतच संपतात. तू भरती झालीस त्या दिवशी तुझे बाबा मला म्हणाले, "पोरीला तुमच्या गोष्टींनी नेलं." तेव्हापासून सहा आठवडे ते जिना चढलेले नाहीत. माझं जेवणाचं ताट तुझी आई वर आणते. हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहून गेलो.

राहणं वाईट नाही, बाळ. याद्या कुणीतरी लिहायच्याच असतात, आणि चुकल्या तर माणसं हरवतात. जाणंही वाईट नाही. मला खंत आहे ती वेगळीच: साहेबांचा प्रश्नही मी पुरा ऐकून घेतला नाही. तू ऐकून घे. शनिवारपर्यंतचा वेळ घे, मैत्रिणींशी भांड, मग जे ठरेल ते मोठ्याने सांग. माझ्या गोष्टींच्या भरवशावर मात्र—

थांब. जिना वाजतोय. तुझ्या आईची पावलं नाहीत ही.

तुझे बाबा आले आहेत. उंबऱ्यात उभे, डोळ्याचं भिंग कपाळावर तसंच. म्हणाले, "तिलाच लिहिताय ना? तिच्या आईने तिचं पत्र वाचून दाखवलं मला सगळं. शनिवारच्या आत पोचायला हवं." भिंग काढून हातात घेतलं. मग, "बाबा, राहा म्हणून लिहा. ती तुमचं ऐकते."

इतक्या वर्षांत माझ्या या लेकाने माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. आणि ते एवढं एकच माझ्या पत्रात नाही.

त्याला खुर्ची दिली आहे. यादीचं त्यालाही ठाऊक नाही, म्हणून ही पानं पहिल्यापासून त्याच्याच हातात ठेवतो आहे. एकचं टपाल निघायला अजून अवकाश आहे. खाली कोरी जागा सोडतो. त्याला काही लिहावंसं वाटलं तर तिथे त्याचं अक्षर दिसेल. नाही वाटलं तर जागा कोरीच येईल, पण पत्र येईल.

तुझा,
फाटकाच्या आत राहिलेला,
आजोबा