दहावी ब आणि माझा घसा

शनिवार, ६ जुलै १९९६

सांगलीला जाऊन आले. घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत. साध्याच, म्हणाले, पण दोन महिने जवळजवळ मुकं राहायचं. नाहीतर आवाज कायमचा बसेल. "शिक्षिका ना तुम्ही? मग रजा घ्या."

रजा घेते! मी रजेवर गेले की दहावी ब जोतीराम मान्यांकडे जाणार. नवा तरणा माणूस, गळा खणखणीत. एकदा गेलेला वर्ग परत मिळत नाही. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय — धडा मोठ्यानं वाचायचा, अर्थ सांगायचा, उत्तरं लिहून द्यायची. सगळं घशावर. घसाच नसेल तर मी कसली बाई?

एसटीत रडू आलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "आवं, कोण गेलं व्हय?" नुसती मान हलवली.

घरी यांना लिहून दाखवलं. म्हणाले, "चला, घरात तरी शांतता." विनोद होता. मला हसू आलं नाही.

सोमवार, ८ जुलै

मे महिन्यात सांगलीला शिबिर झालं होतं. 'शिक्षकांनी कमी बोला, मुलांना बोलतं करा.' जोड्या, गट, खेळ, नाटुकली. आम्ही मागच्या रांगेत बसून हसलो होतो — साठ पोरं, एक फळा आणि यांना खेळ सुचतायत! आज पेटीतून ते कागद शोधून काढले. अडला हरी.

शाळेत कुणाला काही सांगितलं नाही. सर्दी झालीय, एवढंच म्हणाले.

मंगळवार, ९ जुलै

फळ्यावर लिहिलं — जोडीनं एकमेकांना इंग्रजीत प्रश्न विचारा. आधी सगळे गप्प. मग सगळे मराठीत सुरू. क्रिकेट, ऊस, कुणाची म्हैस व्यायली. ओरडता येईना. डस्टर आपटून आपटून हात दुखला.

शुक्रवार, १२ जुलै

तेच. दमले.

गुरुवार, १८ जुलै

आज 'बाजार' घेतला. एक विकणारा, एक घेणारा, भाव इंग्रजीत ठरवायचा. सयाजी आणि यल्लाप्पाला पुढे काढलं. सयाजीचे वडील सांगलीच्या हळद बाजारात अडत्याकडे कामाला. पोरानं काय करावं? खिशातला रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला, खाली बोटं दाबली, रुमाल उचलला. "झाला सौदा, बाई."

तास बोलायचा आणि यांनी मुक्यानंच उरकला. मी पुटपुटले, अरे, बोला की काहीतरी.

"हळदीचा भाव बोलून करत्यात व्हय, बाई? बोटं दाबायची. दुसऱ्याला कळता कामा न्हाई."

कपाळाला हात लावला. तेवढ्यात अंकिता उठली. ही पोरगी हजेरीला 'हजर' म्हणते, तेवढंच. पण तिला तो भाव कळायलाच हवा होता. "किती ठरला रं?" सयाजी सांगेना. मी फळ्याकडे धावले. लिहिलं — इंग्रजीत विचार. ती अडखळत म्हणाली, "इज इट... मोर दॅन टू थाउजंड?" सयाजी म्हणाला, "नो." मग प्रियंकानं विचारलं, मग मागच्या बाकांनी. रुमालाखालचा भाव काढायला सगळा वर्ग तुटून पडला. व्याकरणाचा चेंदामेंदा, पण बोलत होते. या वर्गात इतकं इंग्रजी माझ्याशिवाय आजवर कुणी बोललं नव्हतं.

हेडसर दारात उभे. "बाई, ह्यो वर्ग हाय का बाजार?"

बाजारच होता.

सोमवार, २२ जुलै

हेडसरांनी ऑफिसात बोलावलं. "तुमी खुर्चीत बसून आणि पोरं बोंबलत्यात. एक तारखेपासनं दहावी मान्यांकडं देतो." घशाचं सांगितलं असतं तर आजच दिली असती. मी हळूच म्हणाले, सर, एक तास आत बसून बघा. "बघू," सर म्हणाले.

घरी येऊन आडवी झाले. यांनी पिठलं केलं. खारट. खाल्लं.

मंगळवार, ३० जुलै

हेडसर आले. शेवटच्या बाकावर बसले. आणि सयाजी रुमाल घेऊन थेट त्यांच्यापुढं! मी लांबूनच हातानं 'बस, बस' केलं. पण सरांचं घरचं हळदीचं रान. हात आपसूक पुढं आला, बोटं दाबली गेली. मग साठ पोरं त्यांच्या मागे. "सर, इज इट लेस दॅन थ्री थाउजंड?"

"न्हाई," सर म्हणाले.

"सर, इंग्लिश प्लीज." — अंकिता. संपलं सगळं, असं वाटलं मला.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "नो," म्हणाले. घंटा होईपर्यंत उठले नाहीत. जाताना म्हणाले, "सहामाहीपातूर ऱ्हाऊ द्या. पण दारं लावून घेत जावा."

बुधवार, २१ ऑगस्ट

रोज नवं काहीतरी काढायचं. न बोलता शिकवणं हे बोलण्यापेक्षा जड. डोकं शिणून जातं. आवाज उरलाय की नाही, तेही माहीत नाही. भीती वाटते. करून बघत नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

सांगली. गाठी विरल्या! "आता बोला, पण बेतानं." स्टँडवर गाड्यांच्या वेळांची पाटी समोर दिसत होती, तरी कंडक्टरला मुद्दाम विचारलं, गाडी किती वाजता सुटणार? आवाज जरा घोगरा, पण माझाच. फार बरं वाटलं. तो वैतागून पाटीकडे बोट दाखवून गेला.

सोमवार, ९ सप्टेंबर

दहावी ब. टेबलापाशी उभी राहिले, पुस्तक उघडलं, धडा मोठ्यानं वाचायला लागले. पानभर वाचलं. मान वर केली तर सगळे बावरून बघतायत. अंकिता उभी राहिली.

"बाई, यू सिट. वी टॉक."

बसले.