पाच विषारी आणि तुझा इंगळ्या

पिंपळवंडी
२२ जून २००३

ती. रोहिणीताईस, गोरक्षाचा सा. न. वि. वि.

घरात फोन असताना ह्यानं पत्र कशाला लिहिलं म्हणून हसशील. पण तुमच्या निरगुडसरचा फोन ओटीवर, अन् फोनला चिकटून तुझ्या सासूबाई. त्या समोर असल्या की तू नुसतं हं हं करतीस. त्या हं हं वरून मला काय कळणार? म्हणून हे.

तब्येत म्हणशील तर आता आठवड्यातून दोन वेळा पुण्याला जातोय. किडन्या दोन्ही बसल्यात, रक्तातलं विष दवाखान्यातलं मशीन काढतं, आपण पडून राहायचं. अण्णा सोबत असतात, ते बाकड्यावर बसून घोरतात. हातातली शीर डॉक्टरनं जोडून मोठी केलीय. कान लावला तर आतून मांजर गुरगुरल्यासारखं ऐकू येतं. तुझ्या लेकीला, संस्कृतीला, आणशील तवा ऐकवीन. पाणी मोजून प्यायचं, अन् टोमॅटो बंद. पिंपळवंडीत राहून टोमॅटो बंद! दारात क्रेट भरतात अन् मी भिंतीकडं तोंड करून बसतो.

खरी बातमी पुढं आहे. मशीनवर पडल्या पडल्या करायला म्हणून मी तो हातात मावणारा गेम काढला. मी कामाला व्हतो त्या दुकानात दुरुस्तीला आला अन् मालक परत फिरकलाच नाय, तोच. सगळी जपानी अक्षरं, आपल्याला एक शब्द कळत नव्हता, तरी तुझं लग्न ठरेस्तोवर आपण दोघांनी त्याचा भुगा केला व्हता, फक्त शेवटापर्यंत कवा पोचलो नाय. राक्षसांना नावं आपणच ठेवली, अन् त्यांना लढवणाऱ्या आठ मास्तरांना वस्ताद म्हणायचो. तुझा विस्तवाचा इंगळ्या अजून आहे.

तर मी ठरवलंय, आठही वस्ताद फक्त विषारी जातीनं पाडायचे. घोणस, चिखल्या, साळिंदर, पाकोळी आणि बेंडूक. टोळीत सहा गडी लागतात, सहावी जागा इंगळ्याला, पण तो नुसता बसून. तो तुझा, त्याला मी मातीत उतरवणार नाय.

विषारीच का, तर ह्या एका जातीला विष चढत नाय. बाकी सगळ्यांना चढतं.

दाजींना नमस्कार. चिखल्याचं तोंड हुबेहूब त्यांच्यासारखं आहे, हे त्यांना सांगू नको. तुझा लोभ आहे म्हणून एवढं बोलतो.

गोरक्ष


निरगुडसर
६ जुलै २००३

चि. गोरक्षास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सासूबाईंनी आधी उलटंपालटं करून पाहिलं, मग मला दिलं. त्यांना वाचता येत न्हाई हे बरंय. चिखल्याचं मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, गोरक्षाला बरं होऊ दे, मग बघतो. पण हसले, रे.

विषारी जात घेऊन तू लई घाई करत असशील, मला ठाऊक आहे. तू पहिल्यापासून आदळआपट करणारा. विटीदांडूतसुद्धा दांडूच फेकून द्यायचास. ही जात मारायची न्हाई, थांबायची. एकदा चावायचं अन् गप बसायचं. हे जमलं तर जिंकशील.

आता दुसरं. आईचं रक्त जुळलं न्हाई, अण्णांना साखर. माझं जुळलंय. परवा दवाखान्यातून चिठ्ठी आली. मला एका किडनीवर काय फरक पडत न्हाई, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. फक्त लग्न झालेलीला नवऱ्याची सही लागती. ह्यांना विचारलं. दोन दिवस अर्धी भाकरी टाकून उठले. मग म्हणाले, उद्या तुला काय झालं तर पोरीला कोण. चिडून न्हाई बोलले. भिऊन बोलले. माणूस भ्यालं की त्याच्याशी भांडता येत न्हाई.

मी सोडणार न्हाई. तू पाणी कमी पी. बाकी प्रेम आहे ते तुला माहीतच आहे.

तुझी ताई


पिंपळवंडी
१७ ऑगस्ट २००३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं अन् पाच वस्ताद पडले!

आता कसं ते ऐक. पयल्या डावाला घोणस सोडायची. ती चावली की तिला मागं घ्यायची, अन् चिखल्या पुढं. चिखल्या अंग आवळून बसतो, त्याला फटके बसतात, पण त्याची जिवाची रेघ अशी हळूहळू उतरती की समोरचा वैतागतो. तेवढ्यात समोरच्याची रेघ आपोआप खाली. अन् हे विष वाढत जातं, पयल्या डावाला थेंब, पुढं घोट, मग तांब्या. समोरच्यानं गडी बदलला तर विष पुन्हा थेंबापासून सुरू व्हतं. त्यावर साळिंदराचा उपाय. तो आधीच जमिनीवर काटे पेरून ठेवतो. नवा गडी आला की त्याच्या पायात काटा. कुठं पळशील? पाकोळी फक्त समोरच्याचं रक्त पिऊन आपली रेघ भरून घेती, तिला शेवटाला ठेवायची.

सिस्टर परवा वाकून बघत व्हती. म्हणली, हा कसला गेम, तू तर काहीच करत नायस. मी म्हणलं, हेच तर अवघड आहे.

सहीचं राहू दे. दाजींच्या मागं लागू नको. त्यांच्या जागी मी असतो तर मी पण भ्यालो असतो. लोभ वाढव, भांडण वाढवू नको.

गोरक्ष


निरगुडसर
५ ऑक्टोबर २००३

चि. गोरक्षास अ. आ.

मार्ग निघाला. सासूबाईंचं म्हणणं, आधी अजून एक मूल होऊ दे, पोरगा होवो पोरगी होवो, घर भरू दे, मग काय ते करा. हे म्हणाले, तेवढं होऊ दे, मी डोळे मिटून सही करीन. संस्कृतीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. मी हो म्हणाले.

मला कळतंय तू तिकडं काय बोलत असशील. लांबचं आहे, मला ठाऊक आहे. बाळंतपण झाल्यावर पण डॉक्टर काही महिने थांबायला लावतील. पण गोरक्षा, तुझी जातच थांबायची आहे ना? तू चिखल्यासारखा अंग आवळून बस. बाकी काय करू नको. नुसता टिक. मी येते.

काळजी माझ्यावर टाकून निवांत राहा, एवढा हट्ट पुरव.

ताई


पिंपळवंडी
१४ डिसेंबर २००३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. मधी अंगावर सूज आली, चप्पल पायात जाईना. अण्णांच्या वहाणा घालून दवाखान्यात गेलो. मेंढ्यांमागं फिरून झिजलेल्या त्या वहाणा बघून वॉर्डबॉयनं विचारलं, पावणं, चालत आलात का.

सात वस्ताद झाले. आठवा लोखंडी निघाला. त्याचे सहाही गडी लोखंडाचे. अन् ताई, लोखंडाला विष चढत नाय. घोणस चावली की तिचाच दात वाजतो. काटे पेरले, त्यावरून तो खुशाल चालत आला. मी नेहमीसारखा चिखल्या पुढं करून थांबलो. थांबलो अन् थांबलो. मग ध्यानात आलं, मी थांबतोय पण त्याचं काय कमी व्हत नाय. कमी फक्त माझंच व्हतंय.

थांबण्यात फायदा कवा असतो, समोरच्याची रेघ उतरत असंल तर. न्हायतर ते थांबणं नसतंच.

हे मी गेमचं सांगतोय. बाकी तुझी मर्जी अन् लोभ दोन्ही राहू दे.

गोरक्ष


निरगुडसर
११ जानेवारी २००४

चि. गोरक्षास अ. आ.

इतका हुशार अन् इतका येडा. इंगळ्या कशासाठी बसवून ठेवलाय? लोखंड विस्तवानं वितळतं हे लोहाराच्या पोरालाच ठाऊक असतं का? त्याला पुढं कर, एका फटक्यात होईल. मी सांगतीय, माझा आहे ना तो? माझी हरकत नसताना तू कोण अडवणारा?

नसेल करायचं तर निदान साळिंदराला जमिनीत शिरून मारायची चाल शिकव. त्यानं लोखंड थोडं तरी हलेल. पण इंगळ्याच घे. मी हात जोडते.

आणि मला दिवस गेलेत. आईला फोनवर सांगितलंय, तिनं तुला सांगितलं असेल. आईला आनंद झाला. मग फोनमधून नुसता मेंढ्यांचा आवाज येत राहिला. तू तरी आनंद कर. आनंदाचीच गोष्ट आहे ना ही.

माया आहे तशीच आहे, उलट जास्तच.

ताई


पिंपळवंडी
२५ जुलै २००४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पोरगा झाला हे ऐकून आईनं गल्लीभर साखर वाटली, मला एक चिमूट. बारशाला यायचं मनात व्हतं, पण आता यष्टीत बसलं की दम लागतो. पायऱ्या चढताना अण्णा मागून ढकलतात, लोकांना वाटतं म्हातारा पोराला मारतोय.

साळिंदराला ती चाल शिकवली. लोखंडी वस्तादाचे दोन गडी पाडले त्यानं. तिसऱ्याला गेला. मग पाकोळी, मग बेंडूक. पाची गेले, मी डाव सोडून दिला. हरलो. पुन्हा लढलो, पुन्हा हरलो. इंगळ्या काढला नाय. त्याची रेघ भरलेली आहे, त्याच्या अंगावर ओरखडा नाय, मला तेवढंच बघायला बरं वाटतं.

दाजींना म्हणावं, पोराचं तोंड चिखल्यासारखं असंल तर माझ्याकडून दृष्ट काढा. भाच्याला लोभ, तुला जुनाच.

गोरक्ष


निरगुडसर
१० जानेवारी २००५

गोरक्षा,

सही झाली!!

आशीर्वाद-बिशीर्वाद पुढच्या पत्रात. ह्यांनी स्वतःहून पेन मागितला. सासूबाई म्हणाल्या, पोर सहा महिन्यांचं झालंय, वरचं दूध घेतं, जा. मी पिशवी भरलीय. येत्या सोमवारी पुण्याला तपासायला बोलावलंय, तू पण मशीनवर असशीलच. मी समोरच्या खाटेवर पडून तुला वाकुल्या दाखवीन. किडनी माझी असल्यामुळं पुढं तुला भांडी घासायची सवय लागली तर दोष देऊ नको.

पळत पोस्टात चाललीय.

ताई


पिंपळवंडी
९ जानेवारी २००५

ती. रोहिणीताईस, गोरक्षाचा सा. न. वि. वि.

हे अण्णांच्या हाती देतोय. सोबत गेम पण आहे, फडक्यात गुंडाळलाय, सेल काढून ठेवलेत.

शुक्रवारी मोठ्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला. त्यांनी अण्णांना बाहेर बसवलं अन् मलाच सांगितलं, ते बरं केलं. हृदय सुजलंय. आता आपरेशन सोसणार नाय. किडनी मिळाली तरी नाय. मागल्या वर्षी सोसलं असतं का, असं मी विचारलं. ते चष्मा पुसत बसले.

तू हे दाजींना, सासूबाईंना ऐकवू नको. कुणाला बोल लावायचा नाय. त्यांनी काय वाईट मागितलं व्हतं, लेकरू मागितलं. दिलेला शब्द ते पाळतील, मला माहीत आहे. तू अडकून पडशील म्हणून आधीच लिहितो, आता सही नको.

पाची विषारी मी गेममधल्या पेटीत ठेवून दिलेत. लोखंडी वस्तादाच्या दारात तुझा एकटा इंगळ्या उभा आहे. हात सुजल्यामुळं बटणं दाबवत नाय मला. तू जा आत.

संस्कृतीला माझ्या हातातलं मांजर ऐकवायचं राहिलं. जमलं तर लवकर ये. लोभ कमी करू नको, बाकी मी काय मागत नाय.

गोरक्ष


निरगुडसर
१३ जानेवारी २००५

चि. गोरक्षास,

दोन पत्रांची वाटेत चुकामूक झाली. माझं तुला मिळालं असेल. त्यातलं वाकुल्यांचं वाचू नको. वाचलं असशील तर हसला असशील, हसलास ना?

ह्यांना सांगितलं. तू नको म्हणालास, पण अण्णांचा चेहरा बघून त्यांनीच विचारलं. ते गोठ्यात जाऊन बसलेत, सकाळचा चहा तसाच आहे. सासूबाई एकदाच म्हणाल्या, आमी काय मुद्दाम केलं का. सहीचा कागद अजून देव्हाऱ्यापुढं आहे, तो उचलायला कुणाचाच हात होत न्हाई.

दुपारी बाळ निजल्यावर सेल घातले. गेले आत. लोखंडी वस्तादाचा पयला गडी आला, इंगळ्यानं तोंड उघडलं, एका फटक्यात राख. दुसरा, एका फटक्यात. सगळे, गोरक्षा, सहाच्या सहा. मला धड बसायला पण लागलं न्हाई, उभ्या उभ्या झालं. शेवटाला ते जपानी गाणं वाजायला लागलं, जे आपण कधीच ऐकलं नव्हतं. इतकं सोपं व्हतं.

मग मी तो जिंकलेला डाव गेममध्ये जपून ठेवला न्हाई. गाणं चालू असतानाच बटण बंद केलं. परत लावून बघितलं, तर इंगळ्या पुन्हा दाराबाहेर उभा, रेघ भरलेली. आत वस्ताद आहे तसाच. म्हणजे तुझा डाव हरलेला पण न्हाई अन् संपलेला पण न्हाई.

उद्या पोरांना घेऊन येते. तेवढा टिक. उद्याच्या पुरता लोभ असू दे, परवाचं परवा मागीन.

तुझी
ताई